कोहिनूरचा पिंजरा, टेबलाचा खण आणि एक लहानसे कुलूप

आजचा धागा एका अत्यंत क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी आहे. कार्यालयातील टेबलाच्या खणाला, औषधाच्या दुकानातील काचेच्या कपाटाला, सराफाच्या शोकेसला, ग्रंथालयातील पोथ्यांच्या पेटीला जे बोटभर लांबीचे कुलूप असते, त्याच्याविषयी. किल्ल्यांचे दरवाजे आणि त्यांचे अडसर यांवर आपण भरभरून बोलतो. या छोट्या कुलपाला मात्र इतिहास असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. तो आहे, आणि त्याचा एक धागा थेट कोहिनूरपर्यंत जातो. धागा थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काच यांचा एक प्रचंड महाल उभारण्यात आला होता. १ मे ते १५ ऑक्टोबर या काळात तेथे जगभरच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. त्यात लोकांची सर्वाधिक झुंबड उडाली ती एका हिऱ्याभोवती. १८४९ च्या मार्चमध्ये लाहोरच्या तहान्वये बालवयीन महाराजा दलीपसिंग यांच्याकडून घेतलेला कोहिनूर गव्हर्नर जनरल डलहौसी याने स्वतः मुंबईपर्यंत आणला. ६ एप्रिल १८५० रोजी ‘मेडिया’ या युद्धनौकेवरून तो मुंबई बंदरातून इंग्लंडला रवाना झाला आणि वर्षभरात या काचमहालात येऊन बसला.

तो बसला होता एका सोनेरी पिंजऱ्यात. हा पिंजरा बनवला होता चब या कुलूप आणि तिजोऱ्या करणाऱ्या इंग्रज कारखान्याने. दिवसभर हिरा लोकांसमोर असे. प्रदर्शन बंद झाले की यंत्राच्या साहाय्याने तो खाली सरकून लोखंडी तिजोरीत जाई. प्रदर्शनपेटीचे सारे कोडे या एका रचनेत सामावलेले आहे. जी वस्तू दाखवायची, तीच लपवायची. काच हवी, कारण लोकांनी पाहावे. कुलूप हवे, कारण लोकांनी केवळ पाहावेच. (हिऱ्याने मात्र लोकांची निराशा केली. तो चमकेना. भोवती गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी त्याचे तेज बेताचेच दिसले. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि सुमारे १८६ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटचा होऊन बसला. तो विषय स्वतंत्र धाग्याचा.)

आता गंमत पाहा. कोहिनूर ज्या काळात चबच्या पिंजऱ्यात विराजमान होता, त्याच काळात, त्याच शहरात, चबच्या सुप्रसिद्ध कुलपाची प्रतिष्ठा पंचवीस मिनिटांत धुळीला मिळाली. हे कसे घडले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

त्याआधी एक शब्दांची वाट. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आपल्याकडे आला, वाटेत अक्षरांची अदलाबदल झाली. ‘चावी’ पोर्तुगीजांची, त्यांच्या ‘शाव्ह’ या शब्दावरून आलेली. ‘अलमारी’ही त्यांच्याच गलबतांतून उतरली. ‘कपाट’ तेवढे संस्कृत. पण संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. फळ्या लावून बंद करता येणारी वस्तू म्हणून पुढे संपूर्ण फडताळालाच ते नाव मिळाले असावे. म्हणजे ‘अलमारीच्या कुलपाची चावी’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा त्या तीन शब्दांत अरबस्तान आणि पोर्तुगाल दोन्ही नांदत असतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातील बहुतेक कुलपे एकाच तत्त्वावर चालत. कुलपाच्या पोटात धातूचे आडवे कठडे बसवलेले असत आणि किल्लीला त्या कठड्यांना चुकवणाऱ्या खाचा असत. ज्या किल्लीच्या खाचा जुळतील, ती फिरेल. यातील कच्चा दुवा उघड आहे. किल्लीचा मधला सारा भाग कानशीने घासून टाकला आणि टोक तेवढे ठेवले, की ती कोणत्याच कठड्याला अडत नाही. अशी एक कोरीव किल्ली डझनावारी कुलपे उघडते. स्वस्तातल्या पत्र्याच्या ट्रंकांना आणि हलक्या कपाटांना आजही या घराण्यातील कुलपे आढळतात. शेजाऱ्याची किल्ली आपल्या ट्रंकेला लागते, हा काही चमत्कार नव्हे.

१७७८ साली रॉबर्ट बॅरन याने लंडनमध्ये निराळा मार्ग काढला. त्याने कुलपात उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या बसवल्या. पट्टी कमी उचलली तरी कुलूप अडते, अधिक उचलली तरी अडते. नेमकी हवी तेवढीच उचलली गेली पाहिजे. हीच पुढची ‘लिव्हर’. हार्डवेअरच्या दुकानात ‘पाच लिव्हरचे द्या, सात लिव्हरचे द्या’ असे आपण म्हणतो, ती बॅरनचीच परंपरा.

जोसेफ ब्रामा याने १७८४ मध्ये याहून वेगळे कुलूप काढले. त्याची किल्ली बारीक नळीसारखी, टोकाशी निरनिराळ्या खोलीच्या चिरा असलेली. ती आत दाबली की कुलपातील सरकत्या पट्ट्या आपापल्या खोलीपर्यंत जातात आणि मगच किल्ली फिरते. हे कुलूप लहान करता येई, म्हणून टेबलाचे खण, लेखनपेट्या, दागिन्यांचे डबे यांसाठी ते विशेष लोकप्रिय झाले. ब्रिटिश मंत्र्यांच्या कागदपत्रांच्या लाल पेट्या प्रसिद्धच आहेत. त्यांचे कुलूप मुठीच्या बाजूला नसून तळाशी असते. कारण साधे आहे. कुलूप न लावता पेटी उचलली तर कागद खाली सांडतील. तेव्हा विसरभोळ्या मंत्र्यालाही पेटी आधी बंद करावीच लागते. मनुष्यस्वभाव ओळखून केलेली इतकी साधी रचना क्वचितच पाहायला मिळते.

ब्रामाचे कुलूप अतिशय काटेकोर मापांचे. हाताने ते घडवणे फार खर्चिक पडे. तेव्हा त्याने हेन्री मॉडस्ले या अवघ्या अठरा वर्षांच्या तरुणाला हाताशी धरले. मॉडस्लेने कुलपाचे भाग करणारी यंत्रे बनवली. हाच मॉडस्ले पुढे अचूक लेथ यंत्राचा एक जनक म्हणून जगप्रसिद्ध झाला. यंत्रयुगाच्या इतिहासात वाफेचे इंजिन सर्वांना ठाऊक असते. पण अचूक मापाने भाग घडवण्याची विद्या ज्या कार्यशाळांत रुजली, त्यांपैकी एक कुलपे करणारी होती, याची आठवण फार थोडे ठेवतात.

ब्रामाला आपल्या कुलपाचा इतका अभिमान होता की १७९० पासून लंडनमधील पिकॅडिली रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत त्याने एक कुलूप मांडले आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. त्यात अठरा सरकपट्ट्या होत्या. त्यांच्या संभाव्य रचना सुमारे ४७ कोटी. ब्रामा १८१४ मध्ये वारला. कुलूप तसेच खिडकीत होते.

इकडे १८१७ मध्ये पोर्ट्स्मथच्या नौदल गोदीत बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली. सरकारने नवे कुलूप करणाऱ्यास १०० पौंडांचे बक्षीस लावले, आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब याने ते मिळवले. त्याचे वैशिष्ट्य असे की चोराने आत हत्यार घालून एखादी लिव्हर प्रमाणाबाहेर उचलली, की ती तेथेच अडकून बसे. मालक आपली किल्ली लावू लागला की ती फिरत नसे, आणि त्यावरून कोणीतरी खटपट केली आहे, हे त्याला कळे. पोर्ट्स्मथच्या बंदिवान-जहाजांवर एक कैदी होता, धंद्याने कुलूपकार. कुलूप उघडल्यास सरकारकडून माफी आणि चबकडून १०० पौंड, असे आमिष त्याला दाखवण्यात आले. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले.

येथे जरा थांबू या, कारण चबची कल्पना आपल्याला अनोळखी नाही. कुलूप दोन प्रश्नांची उत्तरे देऊ शकते. ‘कोणी आत येईल का?’ हा एक. ‘कोणी आले होते का?’ हा दुसरा. आपल्याकडील राजेरजवाड्यांचे खलिते थैलीत घालून लाखेची मोहर लावून पाठवले जात. ती थैली कोणीही फाडू शकला असता. परंतु फाडल्याचे लपवू शकला नसता. चबने लाखेच्या मोहरेचे हे काम लोखंडाकडून करून घेतले, इतकेच.

१८५१ मध्ये अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स नावाचा गृहस्थ प्रदर्शनासाठी लंडनला आला. तो न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूवेल या कुलपाच्या कंपनीचा माणूस. २२ जुलै रोजी वेस्टमिन्स्टरमधील ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील एका घरात, साक्षीदारांसमक्ष, त्याने तिजोरीघराच्या दारावरचे चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले आणि सात मिनिटांत पुन्हा बंद करून दाखवले. त्याची युक्ती मोठी मार्मिक होती. लिव्हर जास्त उचलली की ती अडकते, आणि उलट दिशेने फिरवले की सुटते. तेव्हा कोणती लिव्हर किती उचलायची, हे अडकण्यावरूनच समजते. चोराची चाहूल देण्यासाठी बसवलेला पहारेकरी स्वतःच आतील गुपित सांगत होता!

मग हॉब्स वळला ब्रामाच्या कुलपाकडे. सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस, साठ वर्षे अजिंक्य ठरलेले ते कुलूप उघडले. २०० गिनी त्याला द्याव्या लागल्या. एकांतात, हवी ती हत्यारे घेऊन, दिवसचे दिवस कोणत्या चोराला मिळतात, असा आक्षेप ब्रामाच्या वारसांनी घेतला. आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. ते कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. लोकांना कुलपाविषयी असलेला विश्वासच ढळला. कुलपांतील दोष चव्हाट्यावर मांडावेत का, असा तो प्रश्न होता. मांडले तर चोर शहाणे होतील, असे एक पक्ष म्हणे. चोरांना ते आधीपासूनच ठाऊक आहेत, अडाणी आहेत ते फक्त गिऱ्हाईक, असे हॉब्सचा पक्ष म्हणे. १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेला कुलपांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात ही दुसरी बाजू ठामपणे मांडलेली आहे. आज संगणकाच्या सुरक्षेबाबत नेमका हाच वाद चालतो, आणि त्या क्षेत्रातील मंडळी या १८५३ च्या ग्रंथाचा दाखला आवर्जून देतात. माझा कौल हॉब्सच्या बाजूने. ज्या कुलपाचा भरवसा केवळ त्याच्या पोटातील रचनेच्या गुप्ततेवर आहे, त्याची किंमत पहिला कारागीर नोकरी सोडून जाईपर्यंतच असते. अर्थात हॉब्स निःस्वार्थी समाजसेवक होता, असेही समजू नये. त्याला त्याची कुलपे विकायची होती आणि पुढे त्याने लंडनमध्येच कारखाना थाटला. न्यूवेलचे जे कुलूप तो अभेद्य म्हणून मिरवत होता, ते अमेरिकेत एकाने उघडलेच. त्याचे नाव लायनस येल.

हा धाकटा येल मूळचा व्यक्तिचित्रे काढणारा चित्रकार. वडील कुलपे करीत, म्हणून तोही त्या धंद्यात आला. १८६१ आणि १८६५ मध्ये त्याने ज्या कुलपाचे हक्क नोंदवले, ते म्हणजे आज आपल्या दाराला असणारे, चपट्या दातेरी किल्लीचे नळकांडी कुलूप. त्याचे तत्त्व फार जुने आहे. प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांत वरून पडणाऱ्या खुंट्या असत आणि दात असलेल्या लाकडी किल्लीने त्या वर उचलल्या जात. येलने खुंट्यांचे दोन तुकडे केले, त्यांच्यावर स्प्रिंगा बसवल्या आणि हाताएवढी किल्ली नखाएवढ्या जाडीची केली. १८६८ च्या नाताळच्या दिवशी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, तो वारला.

त्याच १८६८ साली अमेरिकेतच फिलो फेल्टर याने आणखी एका कुलपाचा हक्क नोंदवला, आणि आपल्या खणाच्या कुलपाचा खरा पूर्वज हा आहे. यात खुंट्यांऐवजी पातळ चपट्या पट्ट्या असतात. त्यांना वेफर म्हणतात. प्रत्येक वेफरला मधोमध चौकोनी छिद्र. किल्ली नसताना स्प्रिंगेमुळे वेफर नळकांडीच्या बाहेर डोकावतात आणि तिला फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली की सारे वेफर आत ओढले जातात आणि नळकांडी मोकळी होते. एका वेफरमध्ये एका खुंटीच्या जोडीचे काम भागते, त्यामुळे कुलूप लहान होते, स्वस्त होते, ओतीव जस्ताच्या मिश्रधातूतही करता येते. किंमत चुकवावी लागते ती सुरक्षिततेत. वेफर थोडे आणि त्यांच्या खाचांच्या पायऱ्याही थोड्या. म्हणून निरनिराळ्या किल्ल्यांची संख्या मर्यादित राहते. मोठ्या कार्यालयात एकाच्या खणाची किल्ली दुसऱ्याच्या खणाला लागली, तर त्यात आश्चर्य नाही.

परंतु कार्यालयांना तरी दुसरे काय हवे होते? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारकुनांची आणि कागदांची संख्या अफाट वाढली. अ‍ॅब्नर कटलर याने १८८२ मध्ये हक्क नोंदवलेले गुंडाळत्या झाकणाचे टेबल जुन्या चित्रपटांत पुष्कळांनी पाहिले असेल. झाकण ओढून एक कुलूप लावले की सारे खण आपोआप बंद होत. तेथे तिजोरीफोड्या दरोडेखोराची भीती नव्हती. भीती होती शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या कुतूहलाची. त्यासाठी वेफर पुरेसे होते आणि आजही पुरेसे आहेत.

आपल्याकडील कथा लालबागची. आर्देशीर गोदरेज हे शिक्षणाने वकील. तो व्यवसाय सोडून त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवायला घेतली. गिऱ्हाईकाला माल पसंत पडला, पण त्यावर हिंदुस्थानात बनवल्याचा शिक्का नको होता. आर्देशीरांना तो हवाच होता. व्यवहार मोडला. पुढे मुंबईतील घरफोड्यांविषयी वृत्तपत्रात वाचून त्यांनी कुलपांकडे मोर्चा वळवला आणि ७ मे १८९७ रोजी लालबागला काम सुरू केले. १९०२ मध्ये तिजोरी आली, १९२३ मध्ये पोलादी कपाट. मूठ फिरवताच दांडे वर, खाली आणि बाजूला सरकतात, ते कपाट महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत इतके रुळले, की कंपनी कोणतीही असली तरी लोक त्याला ‘गोदरेजचे कपाट’ म्हणू लागले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ मध्ये विक्रोळीच्या कारखान्यात लाखो मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून कुलूप लावायचे तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. म्हणून पेटीच्या आतच बंद होणारी कळ योजण्यात आली. शिवाय कागदी मोहर होतीच. पोर्ट्स्मथच्या गोदीतला तो दुसरा प्रश्न, ‘कोणी आले होते का?’, येथे एका प्रजासत्ताकाच्या पायाशी विचारला गेला.

प्रदर्शनपेटीकडे पुन्हा वळू. २९ ऑक्टोबर १९६४ च्या रात्री न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात चोर शिरले. हवा खेळावी म्हणून खिडकी किंचित उघडी ठेवलेली होती. पेटीची कुलपे त्यांनी उघडलीच नाहीत. काच कापली, आवाज होऊ नये म्हणून चिकटपट्टी लावली, आणि ५६३.३५ कॅरटचा ‘स्टार ऑफ इंडिया’ हा नीलमणी इतर रत्नांसह उचलला. त्या नीलमण्याला धोक्याची घंटा जोडलेली होती, पण तिची बॅटरी संपलेली होती. चोर दोन दिवसांतच सापडले. नीलमणी पुढे मायामीच्या बसस्थानकावरील एका लॉकरमध्ये मिळाला. (नाव ‘इंडिया’ असले तरी रत्न श्रीलंकेचे आहे.) पेटीचे कुलूप कितीही भारी घेतले, तरी शेजारी काच आहे आणि ती काच आहे.

तर आता समजा, एखाद्या ग्रंथालयातील जुन्या पेटीची किल्ली हरवली आहे आणि कुलूप बदलायचे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कामाला नाण्याप्रमाणे हात घालावा. आधी दर्शनी बाजू वाचावी. पुष्कळदा तेथे बारीक आकडा कोरलेला असतो; तो किल्लीचा क्रमांक. उत्पादक चालू असेल, तर त्या क्रमांकावरून नवी किल्ली मिळते आणि कुलूप काढावेच लागत नाही. (तो आकडा ज्याला वाचता येतो त्या प्रत्येकाला तसे करता येते, हेही ध्यानात ठेवावे.) मग छिद्रात पाहावे. पातळ पट्ट्या दिसल्या तर वेफर, गोल खुंटीचे टोक दिसले तर येलचे घराणे, पोकळ आणि मोठे छिद्र असेल तर बहुधा लिव्हर किंवा जुने कठड्यांचे कुलूप.

त्यानंतर पाठीमागची बाजू. नळकांडीच्या मागे स्क्रूने बसवलेली, फिरणारी जीभ असेल तर ते कॅम लॉक. दुकानात जाताना जुने कुलूपच बरोबर न्यावे. ते शक्य नसेल तर नळकांडीचा व्यास (१९ मिलिमीटर हा फार प्रचलित), तिची लांबी, लाकडाची किंवा पत्र्याची जाडी, जिभेची लांबी, ती सरळ आहे की वाकडी, आणि किल्ली पाव फेरा फिरते की अर्धा, एवढे टिपून न्यावे. लांबी चुकली तर कुलूप बसते, पण जीभ पोहोचत नाही. चार स्क्रूंनी आतून ठोकलेले चौकोनी कुलूप आपल्याकडे ‘मल्टिपर्पज लॉक’ म्हणून मिळते. त्यात छिद्रापासून कडेपर्यंतचे अंतर जुळणे महत्त्वाचे. सरकत्या काचांच्या शोकेसला दातेरी पट्टीचे कुलूप असते. पट्टी आतल्या काचेच्या कडेला अडकवलेली, आणि कुलूप तिच्या दातांवर सरकत बाहेरच्या काचेपर्यंत येऊन बसते. ते बसवताना ठोकाठोक करू नये. काचेची कड तडकते.

पेटी जुनी आणि मोलाची असेल, तर नवे कुलूप बसवण्यासाठी जुने भोक मोठे करू नये. त्याच मापाचे कुलूप मिळेपर्यंत थांबावे. काढलेले कुलूप, त्याचे स्क्रू आणि असतील तेवढ्या किल्ल्या एका पाकिटात घालून, वर पेटीचा क्रमांक आणि तारीख लिहून, ते पाकीट पेटीच्याच नोंदीसोबत ठेवावे.